ओटीपी सांगू नका. बरं, नाही सांगत. पुढे?

परवा रविवारी आपल्या गावात सायबर जनजागृतीचा कार्यक्रम झाला. चाळीस-पन्नास माणसं होती, बहुतेक बायका आणि रिटायर्ड मंडळी. तरुण पोरं नव्हती, त्यांना वाटतं आपल्याला सगळं येतं. बाहेरून आलेल्या साहेबांनी तासभर स्लाइड दाखवल्या. ओटीपी सांगू नका. अनोळखी लिंक उघडू नका. पासवर्ड बदलत राहा. फसलात तर १९३० ला फोन करा. सगळं बरोबर आहे, कामाचं आहे, आणि ज्यांनी कार्यक्रम घडवून आणला त्यांचे मनापासून आभार.

शेवटी साहेब म्हणाले, काही प्रश्न असतील तर विचारा. आमच्या शेजारच्या मावशी उठल्या. सुकं विकून ज्यांनी तीन पोरं शिकवली, त्या. म्हणाल्या, "साहेब, आमी कोणाला काय सांगितलं नाय, कसली लिंक दाबली नाय, तरी कोणी फोनात शिरून काय ठेवून गेला तर? मंग पोलीस कोणाला धरणार, त्याला का आमाला?"

लोक हसले. साहेबही हसले. "मावशी, असं काही होत नसतं. आपण सावध राहिलं की काहीच होत नाही."

टाळ्या, चहा, बिस्किट. कार्यक्रम समाप्त.

मी पण गप्प बसलो. आभारप्रदर्शन चालू असताना कुठे वाद घालायचा. पण तीन दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे. फेरीत बसून वाचा.

मंडळी, त्या तासाभरात विचारलेला सगळ्यात शहाणा प्रश्न मावशींचा होता. आणि "असं होत नसतं" हे त्याचं उत्तर नाही.

आपल्या जेटीवरून फेरी धरायची, मार्वेला उतरायचं, मालाडहून लोकल, वांद्रे स्टेशन. तिथल्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ५ जुलै २०२१ ला फादर स्टॅन स्वामी वारले. वय ८४. कैदी म्हणून वारले. जामिनाचा अर्ज हायकोर्टात होता, त्याच दिवशी सुनावणी होती, आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कोर्टाला सांगितलं की ते आता नाहीत. वांद्र्याच्याच सेंट पीटर्स चर्चमध्ये अंत्यविधी झाला, करोनाच्या नियमांमुळे मोजक्या माणसांत.

त्यांची सिपरची गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही, म्हणून तळोजा तुरुंगातून त्यांनी कोर्टाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवसांची मुदत मागितली. देशभर लोक चिडले. चिडायलाच हवं होतं. पण माझं म्हणणं असं आहे की सिपर सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि कॉम्प्युटर कुणाच्याच लक्षात राहिला नाही. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर त्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३१ डिसेंबर २०१७ ला पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला, भीमा कोरेगावला हिंसाचार झाला. पुणे पोलिसांनी तपास सुरू केला, पुढे जानेवारी २०२० मध्ये तो एनआयएकडे गेला. वकील, प्राध्यापक, कवी, कार्यकर्ते असे सोळा जण यूएपीएखाली आत गेले. माओवाद्यांशी संबंध, पंतप्रधानांच्या हत्येचा कट, असे आरोप. आणि या आरोपांचा मोठा आधार कोणता? आरोपींच्या कॉम्प्युटरमधून मिळालेली पत्रं. कोर्टात त्यांची तपासणी व्हायच्या आधी ३१ ऑगस्ट २०१८ ला पोलिसांनी पत्रकार परिषदेत ती वाचून दाखवली, टीव्हीवर दोन दिवस तेच. मुंबई हायकोर्टाने त्यावरून पोलिसांना सुनावलंही. पण टीव्हीवर एकदा पत्र वाचलं गेलं की निकाल लागलेला असतो, आपल्याला माहीत आहे.

आता कॉम्प्युटर. या प्रकरणातल्या एका आरोपीचं, रोना विल्सन यांचं, मशीन १७ एप्रिल २०१८ ला जप्त झालं. त्याच्या हार्ड डिस्कची प्रत बचाव पक्षाला कोर्टामार्फत मिळाली आणि ती अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग नावाच्या कंपनीने तपासली. डिजिटल पुराव्यांची तपासणी हाच त्यांचा धंदा, बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटाच्या खटल्यातही त्यांनी काम केलंय. त्यांचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला.

त्यात काय म्हटलंय ते नीट वाचा. जून २०१६ मध्ये रोना विल्सन यांना ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून ईमेल आला. म्हणजे साहेबांच्या स्लाइडप्रमाणे "अनोळखी लिंक" नव्हतीच ती. जुन्या सहकाऱ्याचं खातं, वरवरा राव यांचं, आणि ते कुणीतरी दुसराच वापरत होता. फाइल उघडली, समोर एक साधं डॉक्युमेंट दिसलं, आणि मागच्या दाराने नेटवायर नावाचं सॉफ्टवेअर मशीनमध्ये बसलं. हे काही जेम्स बाँडचं हत्यार नाही. बाजारात पैसे टाकून विकत मिळायचं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याची वेबसाइटच ताब्यात घेतली आणि क्रोएशियात एकाला अटक झाली. ते एकदा मशीनमध्ये बसलं की लांब बसलेला माणूस तुमची स्क्रीन बघतो, तुम्ही काय टाइप करता ते वाचतो, तुमच्या फाइली उचलून नेतो. आणि नवीन फाइली आणून ठेवतो.

आर्सेनलच्या म्हणण्याप्रमाणे हा पाहुणा २२ महिने त्या मशीनमध्ये राहिला. एक लपवलेला फोल्डर तयार केला आणि त्यात पत्रं आणून टाकली. ती पत्रं रोना विल्सन यांनी कधी उघडल्याची खूण मशीनवर नाही. पत्रं वर्डच्या ज्या आवृत्तीत बनवलेली होती, ती आवृत्ती त्यांच्या मशीनवर नव्हतीच! म्हणजे आपल्याकडच्या उदाहरणात सांगायचं तर, घरात सापडलेली चिठ्ठी अशा शाईने लिहिलीय जी शाई त्या घरात कधी आलीच नाही.

फादर स्टॅन यांच्या कॉम्प्युटरचा अहवाल आला तो डिसेंबर २०२२ मध्ये. म्हणजे ते जाऊन दीड वर्ष झाल्यावर. त्यात म्हटलंय की त्यांच्या मशीनमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून कुणीतरी शिरलेलं होतं. जवळजवळ पाच वर्षं! झारखंडमधल्या आदिवासींसाठी काम करणारा एक म्हातारा पाद्री रांचीत बसून लिहितोय, आणि कुणीतरी पाच वर्षं त्याच्या खांद्यावरून वाकून बघतोय. चाळीसहून अधिक डॉक्युमेंट बाहेरून ठेवलेली. आणि मशीन जप्त झालं १२ जून २०१९ ला. त्याच्या आदल्या रात्री, ११ जूनला, त्या घुसखोराने आपल्या पाऊलखुणा पुसायचं काम हातात घेतलं, असं अहवाल सांगतो.

आदल्या रात्री. उद्या धाड पडणार हे ज्याला माहीत नाही, तो आदल्या रात्री घर कशाला झाडेल?

फादरना स्वतःला हे सगळं कधी कळलं नाही. पण अटकेच्या आधी त्यांनी एक व्हिडिओ करून ठेवला होता. तपास अधिकाऱ्यांनी कॉम्प्युटरमधले म्हणून काही उतारे आपल्याला दाखवले, ते आपले नाहीत, चोरून आत घातलेले आहेत, असं आपण त्यांना सांगितलं, एवढंच ते त्यात शांतपणे बोलतात. ८ ऑक्टोबर २०२० ला त्यांना नेलं. मावशींनी रविवारी विचारलं ते या माणसाच्या बाबतीत शब्दशः घडलं असं हा अहवाल म्हणतो, आणि आम्हाला सांगितलं जातं, असं होत नसतं.

आता उद्या कमेंटमध्ये येईलच, म्हणून आधीच लिहून टाकतो. हे अहवाल बचाव पक्षाने करून घेतलेले आहेत. एनआयएचं म्हणणं आहे की ते आरोपपत्राचा भाग नाहीत, त्यांच्यावर विसंबता येणार नाही. या पुराव्यांचं काय करायचं ते खटल्यात ठरायचंय. रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने जामीन दिला तो मुख्यतः साडेसहा वर्षं आत काढली आणि खटला उभाच राहिला नाही म्हणून. तेव्हा कोण दोषी, कोण निर्दोष, हा निवाडा मी फेसबुकवर करत नाही. तुम्हाला त्यांची राजकीय मतं पटत नसतील, मलाही सगळी पटतात असं नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय शिरणं हा आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे गुन्हा आहे. शिरून व्हायरस टाकणं गुन्हा, फाइली घालणं गुन्हा. त्या कलमांत "पोलिसांनी केलं तर चालेल" अशी ओळ नाही. मग हा गुन्हा नोंदवून तो घुसखोर शोधायचं काम कुणाचं? जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या वायर्ड मासिकाने छापलं की या प्रकरणातल्या काही आरोपींच्या हॅक झालेल्या ईमेल खात्यांना रिकव्हरीसाठी जो ईमेल आणि फोन नंबर जोडला गेला होता तो पुणे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याचा होता. सेंटिनलवन नावाच्या सुरक्षा कंपनीच्या आणि इतर तज्ज्ञांच्या तपासावर ती बातमी होती. खोटी असेल तर खोटी म्हणून सिद्ध करा. खरी असेल तर महाराष्ट्राच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा सायबर गुन्हा आहे. या दोन्हीपैकी काहीही करायचं नाही आणि आमच्या गावात येऊन सांगायचं की पासवर्डमध्ये एक आकडा आणि एक चिन्ह ठेवा!

इथे मला जरा डिजिटल अरेस्टबद्दल बोलायचंय, कारण रविवारी त्यावर चार स्लाइड होत्या.

व्हिडिओ कॉल येतो. समोर खाकी वर्दी, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. "तुमच्या आधारवर एक पार्सल सापडलंय, त्यात ड्रग्ज आहेत." "तुमच्या खात्यातून मनी लाँडरिंग झालंय." म्हातारी माणसं दोन दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसून राहतात आणि आयुष्याची पुंजी पाठवून देतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या तक्रारीवरून स्वतःहून दखल घेतली. चोरांनी त्यांना चक्क सुप्रीम कोर्टाच्याच खोट्या ऑर्डरी दाखवल्या होत्या. डिसेंबरमध्ये कोर्टाने तपास सीबीआयकडे दिला. चांगलं झालं.

पण एक विचार करा. हा फ्रॉड चालतो का? शिकलेली, बँकेतून निवृत्त झालेली माणसं फसतात का? लोभामुळे नाही. लॉटरीवाल्या फ्रॉडमध्ये लोभ असतो, इथे भीती आहे. आणि ती भीती वेडगळ नाही. "तुझ्या नावाने काहीतरी सापडलंय, तू ते ठेवलं नाहीस हे तूच सिद्ध कर, तोवर तू आमच्या ताब्यात." हे चोराचं वाक्य आहे ना? मग यूएपीएच्या जामिनाचं कलम उघडून वाचा. आरोप सकृतदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. सकृतदर्शनी म्हणजे काय, तर तपास यंत्रणेने समोर ठेवलेल्या कागदावरून. कागद कॉम्प्युटरमध्ये कसा आला ते नंतर, खटल्यात. खटला कधी? ते देवाला ठाऊक. चोराने नवीन काहीच शोधलेलं नाही हो. खऱ्या व्यवस्थेची नक्कल केलीय, आणि लोकांना ती ओळखीची वाटते म्हणून ती चालते. या देशात डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही हे सांगायला चार स्लाइड पुरतात. पण कुणाच्या मशीनमध्ये काय सापडलं याची चोख, उघड, दोन्ही बाजूंना तपासता येईल अशी पद्धत आहे असा भरवसा लोकांना असता, तर वर्दीतल्या चोराला दुसऱ्या मिनिटाला शिव्या पडल्या असत्या.

"मला काय लपवायचंय?" हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. तुम्हाला काही लपवायचं नसेलही. मावशींचा प्रश्न लपवण्याचा नव्हताच, कुणी आणून ठेवण्याचा होता. घराला कडी लावतो ती घरात सोनं आहे म्हणूनच लावतो का? कुणी आत येऊन काही ठेवून जाऊ नये, म्हणूनही लावतो.

काही जण म्हणतील, हे पुण्या-दिल्लीचं, मोठ्या माणसांचं. मनोरीला काय त्याचं?

ऐका. गोराई-मनोरी-उत्तनच्या पट्ट्यात पर्यटनाचं सेझ आणायचं घाटत होतं तेव्हा आपल्याकडे सभा व्हायच्या चर्चच्या आवारात, देवळासमोर, हाताने लिहिलेली पत्रकं वाटली जायची. ज्याला बोलवायचं त्याच्या घरी जाऊन बोलवायचं. आज? खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायचा प्रकल्प असो, वर्सोवा-भाईंदर रस्त्यासाठी जाणारी खारफुटी असो, गावठाण-कोळीवाड्याच्या हद्दी असोत, सगळं व्हॉट्सअॅपवर. हरकतीचा मसुदा ग्रुपवर, सातबाऱ्याचे फोटो ग्रुपवर, वकिलाशी बोलणं त्याच फोनवर, वर्गणीचा हिशोब त्याच फोनच्या यूपीआयवर. वर वाढवणला बंदराच्या विरोधात मच्छीमार लढतायत, त्यांचंही तसंच. म्हणजे पूर्वी चळवळ मोडायला माणसं फोडावी लागायची, आता एक फोन उघडला की पुरे. कोण काय बोललं, कोण डगमगतंय, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन आहे, कुणाला पैशांची गरज आहे, सगळं हातात. मासे मारणाऱ्या माणसाचा हरकत घ्यायचा हक्क आता त्याच्या फोनच्या कुलपावर टांगलेला आहे. म्हणून मी म्हणतो, सायबर सुरक्षा हा बँकेचा विषय नाही, बँकेचाही आहे. आधी तो आपल्या बोलण्याच्या, जमण्याच्या, न्याय मागण्याच्या हक्काचा विषय आहे.

आणि लहान माणसाला कुणी हात लावत नाही असं वाटत असेल तर पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने नुसतं लाइक केलं. दोघींना अटक. विशी-एकविशीच्या पोरी. ज्या ६६ए कलमामुळे हे झालं ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. विरारच्या पुढे लोकलने तासाभराचं अंतर आहे हो, परदेश नाही.

मोठ्या माणसांचंही बघा म्हणजे खात्री पटेल. २०२१ मध्ये आपल्याच विधानसभेत आरोप झाला की नाना पटोले यांचा फोन "अमजद खान" या नावाने टॅप झाला. विधानसभेचे माजी अध्यक्ष! गुन्हे नोंदले गेले, सरकार बदललं, सप्टेंबर २०२३ मध्ये ते गुन्हे हायकोर्टात रद्द झाले. कुठल्या पक्षाचं सरकार होतं यावर भांडू नका, सत्तेत आला की प्रत्येकाला दुसऱ्याच्या फोनची भूक लागते. पण त्याच हायकोर्टाने ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका व्यावसायिकाच्या प्रकरणात फोन टॅप करायचे केंद्राचे आदेश बेकायदा ठरवले होते आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं होतं, हेही लक्षात ठेवा. सार्वजनिक सुरक्षेचा खरा प्रश्न नसताना कान लावता येत नाही, असं कोर्टाने तेव्हा स्पष्ट केलं. पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्याचाच तो आधार.

पेगॅससचं काय झालं? २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपनेच सांगितलं की जगभरात सुमारे १,४०० लोकांच्या फोनवर हल्ला झाला, त्यात भारतातले वकील आणि कार्यकर्तेही होते, नागपूरचे होते. या हल्ल्यात लिंक दाबायचीही गरज नव्हती, मिस्ड कॉल पुरे. (साहेब, ही स्लाइड राहिली.) सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले, पाचांमध्ये काहीतरी सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच आहे असं ठाम सांगता आलं नाही. आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, असं खुद्द सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टात सांगितलं. त्याच कंपनीला अमेरिकेतल्या कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये जबाबदार धरलं. म्हणजे ज्यांच्या फोनवर हल्ला झाला त्यातले आपले लोक, आणि निकाल मिळाला कॅलिफोर्नियात.

आता उरली ती रोजची सुरक्षा, तिच्यातही सरकारचा हिशोब बघून घ्या. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर एक बॉट फिरत होता, मोबाइल नंबर टाकला की लस घेतलेल्या माणसाचं नाव, आधार की पासपोर्ट, जन्मसाल, लसीचं केंद्र, सगळं समोर. सरकार म्हणालं, कोविन सुरक्षित आहे. बरं, मग ती माहिती समुद्रातून आली का? तुमची माहिती अशी बाहेर गेली तर भरपाई मागायचं एक कलम होतं, आयटी कायद्यातलं ४३ए, कंपन्यांपुरतं का होईना. २०२३ च्या नव्या डेटा संरक्षण कायद्याने ते काढून टाकायचं ठरवलं. नव्या कायद्यात दंड मोठा आहे, अडीचशे कोटींपर्यंत, पण तो जातो सरकारच्या तिजोरीत, ज्याची माहिती गेली त्याला रुपया नाही. आणि सरकारला वाटलं तर आपल्या कुठल्याही यंत्रणेला या कायद्यातून सूट देता येते. संरक्षण कायदा हे नाव वाचून मी आधी खूश झालो होतो, पूर्ण वाचल्यावर उतरलं.

नोव्हेंबर २०२५ अखेर दूरसंचार खात्याने फर्मान काढलं की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अॅप आधीच बसवलेलं हवं. फोन चोरीला गेला तर शोधायला ते चांगलं आहे, मीही वापरलंय, तक्रार नाही. पण मी स्वतः बसवणं वेगळं आणि फोन घेतानाच सरकारने बसवून देणं वेगळं. आरडाओरडा झाला, आणि आठवड्याच्या आत, ३ डिसेंबरला, सक्ती मागे घेतली. आरडाओरड्याने फरक पडतो, हे मुद्दाम नोंदवतो, कारण आपल्याकडे "काय होणार आहे बोलून" म्हणणारे जास्त.

तसंच व्हॉट्सअॅपच्या एन्क्रिप्शनचं. मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला वाचता येत नाही, ती सोय. २०२१ च्या आयटी नियमांत, मेसेज मुळात कुणी पाठवला ते शोधून द्या, अशी अट घातली. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे म्हणाली की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही भारतातून जाऊ. कंपनी काही संत नाही, आपली माहिती विकूनच तिची मालक कंपनी मोठी झालीय. पण कुलूप एकासाठी कच्चं केलं की सगळ्यांसाठी कच्चं होतं. पोलिसांसाठी ठेवलेलं भोक चोराला दिसत नाही, असं कुलूप अजून कुणी बनवलेलं नाही.

तर मग पोलिसांनी तपास करायचाच नाही का? करायचा. जरूर करायचा. पण कडक पद्धतीने. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात, कलम ६३ मध्ये, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र जोडायचं त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची आहे. हॅश म्हणजे फाइलीचा अंगठा समजा. एक अक्षर बदललं तरी अंगठा बदलतो. हा अंगठा जप्तीच्या क्षणी, तुमच्या समोर, पंचनाम्यात लिहिला गेला तर जप्तीनंतर कुणी काही घातलं ते पकडता येतं. जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण नव्या बीएनएसएसच्या कलम १०५ ने सक्तीचं केलंय. दोन्ही जुलै २०२४ पासून लागू आहे. चांगलं आहे. पण फादर स्टॅन यांच्या मशीनमध्ये जे झालं म्हणतात ते जप्तीच्या आधी झालं, तिथे हॅश कामाचा नाही. तिथे लागते ती स्वतंत्र प्रयोगशाळा, जी पोलिसांच्या हाताखाली नाही. आरोपीला डिस्कची प्रत वर्षांनी नव्हे, आठवड्यांत मिळाली पाहिजे. मशीनमध्ये बाहेरचं सॉफ्टवेअर होतं का, हे आरोपपत्राच्या आधी सरकारी तज्ज्ञाने शोधून लेखी द्यायला पाहिजे. आणि असलं तर जामीन अडवायला ते कागद वापरता येणार नाहीत असं कायद्यात पाहिजे. पत्रकारांचे फोन सरसकट उचलण्यावरून सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्येच केंद्राला सांगितलं होतं की मार्गदर्शक नियम करा. नियमांची वाट बघत आपण किती वर्षं काढायची?

आपल्या आमदार-खासदारांपैकी कुणी यावर सभागृहात एक प्रश्न विचारला तर मी त्यांच्या पोस्टरला स्वतः हार घालीन. आजवर पोस्टर भरपूर पाहिली, गणपतीची, नाताळची, वाढदिवसाची.

पुढचा कार्यक्रम पावसाळ्याआधी पुन्हा घेणार आहेत असं कळलं. मावशींचा प्रश्न मी लेखी काढलाय, त्यांच्याच शब्दांत, खाली त्यांची सही आहे. सोबत दोन ओळी जोडल्यात: बाहेरून फाइल घातल्याचा संशय असेल तर तक्रार कुठे द्यायची, आणि ती कोण तपासणार, ज्याच्यावर संशय आहे तोच खातं की दुसरं कुणी? एक प्रत सायबर पोलिसांना, एक आमदारांना, एक राज्य मानवी हक्क आयोगाला. संध्याकाळी सातच्या फेरीच्या वेळी कागद घेऊन मी जेटीवर असतो. ज्यांना सही करायचीय त्यांनी या. ज्यांना मुद्दा पटत नाही त्यांनीही या, चहा माझ्याकडून. फक्त "मावशी, असं होत नसतं" एवढं म्हणू नका. त्या आता ऐकून घेणार नाहीत, त्यांना मी सगळं वाचून दाखवलंय.